मेडिगॅप की ॲडव्हान्टेज? सोपा निर्णय वाटतो, पण परतीची वाट बघून घ्या

या भागाचा हा लिखित मजकूर. नेहमीप्रमाणे बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे छाटलेत. सगळे नाही छाटले, नाहीतर मी बोलतोय असं वाटणारच नाही.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता: अमेरिकेत ६५ वर्षं पूर्ण झाल्यावर मेडिकेअर मिळतं, मग त्यावर आणखी विमा कशाला, आणि घ्यायचा तर कुठला? ऐकणारे दोन प्रकारचे आहेत हे मला मेल्सवरून कळलंय. एक, ज्यांचे काका, मामा, आत्या सत्तर-ऐंशीच्या दशकात इकडे आले आणि आता निवृत्त होताहेत. दुसरे माझ्यासारखे तिशीच्या आतबाहेरचे, ज्यांच्याकडे घरातली मोठी माणसं टीव्हीवरच्या जाहिरातींचा कागद पुढे करून म्हणतात, "तू इंजिनीयर आहेस ना, हे जरा बघून सांग." मी विमा एजंट नाही. कुठलीही पॉलिसी विकून मला एक सेंट मिळत नाही. मी फक्त कागद वाचलेत. आकडे सगळे २०२५चे आहेत, ते दरवर्षी थोडे बदलतात.

आधी मेडिकेअरला भोकं कुठे आहेत ते बघू, म्हणजे ठिगळाचं गणित कळेल.

१९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली, तेव्हापासून त्याचे मूळ भाग दोन. पार्ट ए म्हणजे हॉस्पिटल. पार्ट बी म्हणजे डॉक्टर, तपासण्या, बाह्यरुग्ण उपचार, केमोथेरपी वगैरे. औषधांचा पार्ट डी बऱ्याच नंतर, २००६पासून सुरू झाला. ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या नवऱ्याने-बायकोने इथे ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं कर भरून काम केलंय, त्यांना पार्ट ए फुकट. पार्ट बीला महिना १८५ डॉलर. दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नमध्ये उत्पन्न जास्त असेल (नवरा-बायको मिळून २,१२,००० डॉलरच्या वर) तर याहून जास्त.

आता भोकं. हॉस्पिटलात दाखल झालात की पहिले १,६७६ डॉलर तुमचे. आणि हे वर्षाला एकदा नाही बरं का. हॉस्पिटलमधून सुटून सलग ६० दिवस झाले आणि पुन्हा दाखल व्हावं लागलं, तर मीटर परत शून्यावर. एका वर्षात दोनदा, तीनदा भरायची वेळ येऊ शकते. ६१व्या दिवसापासून रोजचे ४१९ डॉलर वेगळे.

पण खरं मोठं भोक पार्ट बीमध्ये आहे. वर्षाचे पहिले २५७ डॉलर तुम्ही भरता आणि त्यानंतर प्रत्येक मंजूर बिलाच्या २० टक्के तुम्ही. याला वरची मर्यादाच नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. समजा कर्करोगाच्या उपचारांची मंजूर बिलं वर्षभरात एक लाख डॉलरची झाली, तर वीस हजार तुमचे. दोन लाखांची झाली तर चाळीस. कुठेही कोणी "बास" म्हणत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा गोष्टीला घाबरतो: लूप आहे, पण थांबायची अट लिहिलेली नाही.

ही उघडी बाजू झाकायचे दोन मुख्य रस्ते आहेत आणि ते एकत्र चालत नाहीत. पहिला मेडिगॅप. म्हणजे मूळ मेडिकेअर तसंच ठेवायचं आणि वरून एका खाजगी कंपनीची पूरक पॉलिसी घ्यायची. दुसरा मेडिकेअर ॲडव्हान्टेज, ज्याला पार्ट सी म्हणतात. यात तुमचं ए आणि बी दोन्ही एका खाजगी कंपनीच्या हवाली होतं, सरकार त्या कंपनीला तुमच्यामागे दरमहा ठरावीक रक्कम देतं आणि तुमचं बघायचं काम त्या कंपनीचं. ॲडव्हान्टेज असताना कोणी तुम्हाला मेडिगॅप विकायला आलं, तर ते कायद्याने चूक आहे. तिथेच फोन ठेवा.

मेडिगॅप मला आवडतं याचं एक कारण अगदी धंदेवाईक आहे: त्याचं प्रमाणीकरण झालंय. १९९२च्या आधी प्रत्येक कंपनीची पॉलिसी वेगळी आणि म्हातारी माणसं एकावर एक तीन-तीन पॉलिस्या घेऊन बसायची. मग केंद्राच्या कायद्याने प्लॅनना अक्षरं दिली. आज ए, बी, सी, डी, एफ, जी, के, एल, एम, एन अशी दहा अक्षरं आहेत. (पार्ट बी आणि प्लॅन बी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे नाव ठेवणाऱ्याला कोड रिव्ह्यूमध्ये मी पास केलं नसतं.) एका कंपनीचा प्लॅन जी आणि दुसऱ्या कंपनीचा प्लॅन जी यात मिळणारं संरक्षण तंतोतंत सारखं. फरक फक्त किमतीचा, आणि ती कंपनी दरवर्षी हप्ता किती वाढवते त्याचा. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत अक्षरांऐवजी त्यांची स्वतःची पद्धत आहे, तिथे राहणाऱ्यांनी ती वेगळी बघावी.

२०२०पासून जे नव्याने मेडिकेअरला पात्र झालेत त्यांना सी आणि एफ मिळत नाहीत. त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेकांची निवड जी आणि एन यांच्यात होते.

प्लॅन जी घेतला तर वर्षाला पार्ट बीचे पहिले २५७ डॉलर तेवढे तुमचे. हॉस्पिटलचे १,६७६, ते २० टक्के, सगळं प्लॅनकडे. वर सांगितलेल्या एक लाखाच्या बिलात तुमचे वीस हजार नाही, २५७. प्लॅन एनचा हप्ता थोडा कमी, पण डॉक्टरकडे गेल्यावर दर भेटीला २० डॉलरपर्यंत आणि इमर्जन्सीला जाऊन दाखल न होता परत आलात तर ५० डॉलरपर्यंत द्यावे लागतात. शिवाय मेडिकेअरचा दर पूर्ण न मानणारे काही डॉक्टर १५ टक्क्यांपर्यंत जास्त लावू शकतात, ते एनमध्ये तुमच्या माथी. (काही राज्यांत असं लावायला बंदीच आहे.) के आणि एल अर्धवट भरपाई करतात, त्यांच्यावर मी वेळ घालवत नाही. पण 'हाय डिडक्टिबल जी' लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

मेडिगॅपमधली दुसरी चांगली गोष्ट: कंपनीला तुमच्या उपचारांवर मत द्यायचा हक्क नाही. मेडिकेअरने बिल मंजूर केलं की मेडिगॅपने आपला वाटा भरायचा. विषय संपला. मेडिकेअर स्वीकारणारा देशातला कुठलाही डॉक्टर, कुठलंही हॉस्पिटल चालतं. रेफरल नाही, नेटवर्क नाही. मुलगी टेक्सासला आणि तुम्ही न्यू जर्सीत असाल, तर उपचार तिच्याकडे राहून घेता येतात.

तोटा? पैसे. ६५व्या वर्षी प्लॅन जीचा हप्ता बऱ्याच राज्यांत महिन्याला शंभर ते दोनशे डॉलरच्या घरात असतो, न्यूयॉर्कमध्ये बराच जास्त. औषधांसाठी पार्ट डी वेगळा घ्यावा लागतो. दात, चष्मा, श्रवणयंत्र यातलं नेहमीचं काही नाही. आणि हप्ता वाढत जातो. पॉलिसी घेताना हा प्रश्न विचाराच: किंमत कशावर ठरते? काही कंपन्या सगळ्या वयांना एकच दर लावतात, काही तुम्ही घेतलीत त्या वयावर ठरवतात, आणि काही तुमच्या चालू वयानुसार दरवर्षी चढवतात. तिसरा प्रकार सुरुवातीला सगळ्यात स्वस्त दिसतो. ऐंशीव्या वर्षी तसा दिसत नाही.

आता ॲडव्हान्टेज. मी इतका वेळ मेडिगॅपचं कौतुक केलं, पण मेडिकेअर घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक आज ॲडव्हान्टेजमध्ये आहेत आणि ते सगळे काही फसलेले नाहीत. बऱ्याच प्लॅनना पार्ट बीच्या पलीकडे एक पैसा हप्ता नाही. औषधं बहुधा त्यातच. थोडंफार दातांचं, डोळ्यांचं, जिमचं असतं. एकच कार्ड. आणि महत्त्वाचं म्हणजे तुमच्या खर्चाला वरची मर्यादा असते: २०२५मध्ये नेटवर्कमधल्या उपचारांसाठी जास्तीत जास्त ९,३५० डॉलर. बरेच प्लॅन याहून कमी ठेवतात. औषधं यात धरत नाहीत. नुसत्या मूळ मेडिकेअरला तर मर्यादाच नाही, त्यामुळे "काहीच न घेणं" यापेक्षा ॲडव्हान्टेज नक्कीच बरं.

पण ती मर्यादा कॅलेंडर वर्षाची असते. ऑक्टोबरमध्ये निदान झालं आणि उपचार एप्रिलपर्यंत चालले, तर एका आजारात दोन वर्षांच्या मर्यादा भरायची वेळ येऊ शकते. आजार काही १ जानेवारी बघून येत नाही.

आणि दुसरं, पूर्वपरवानगी. मोठ्या तपासण्या, हॉस्पिटलनंतरचं पुनर्वसन, महागडी औषधं यांना कंपनी आधी 'हो' म्हणायला हवी. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०२२च्या अहवालात तपासलं, तर ॲडव्हान्टेज कंपन्यांनी नाकारलेल्या पूर्वपरवानग्यांपैकी १३ टक्के अर्ज मेडिकेअरच्या नियमांत बसणारे होते. म्हणजे मूळ मेडिकेअरमध्ये ते मंजूर झाले असते. गंमत अशी की नकाराविरुद्ध जे अपील करतात, त्यांच्यापैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांच्या बाबतीत निर्णय पूर्ण किंवा अंशतः फिरतो. पण अपील करणारे दहातले एखाद-दुसरेच. तेव्हा घरात कोणी ॲडव्हान्टेजवर असेल आणि नकाराचं पत्र आलं, तर ते ड्रॉवरमध्ये टाकू नका. अपील करा.

मूळ मेडिकेअर अगदी परवानगीमुक्त आहे असंही आता म्हणता येणार नाही. जानेवारी २०२६पासून न्यू जर्सी, टेक्सास, ओहायो, ओक्लाहोमा, ॲरिझोना आणि वॉशिंग्टन या सहा राज्यांत काही निवडक उपचारांसाठी प्रायोगिक तपासणी सुरू झालीय. यादी छोटी आहे, पण दिशा लक्षात ठेवायला हवी.

आता येतो मुख्य मुद्द्यावर. बहुतेक तुलना हप्ता एका रकान्यात आणि फायदे दुसऱ्या रकान्यात मांडतात आणि म्हणतात, बघा तुम्हाला काय परवडतं. त्या तक्त्यात एक रकानाच गायब असतो: निर्णय बदलता येतो का?

तुम्ही ६५ किंवा त्याहून मोठे आहात आणि पार्ट बी सुरू झालं, त्या महिन्यापासून सहा महिने तुम्हाला एक खास खिडकी मिळते. त्या काळात कुठलीही मेडिगॅप कंपनी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. मधुमेह असो, बायपास झालेली असो, कर्करोग होऊन गेलेला असो, निरोगी माणसाचा जो दर तोच तुमचा. सहा महिने संपले की बहुतेक राज्यांत कंपनी तब्येत तपासू शकते, जास्त दर लावू शकते, सरळ नाकारू शकते. कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स, मेन आणि न्यूयॉर्क ही चार राज्यं वेगळी, तिथे नंतरही दार उघडं राहतं. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास या यादीत नाहीत. आपली मंडळी कुठे राहतात ते आठवून बघा.

म्हणजे मेडिगॅपकडून ॲडव्हान्टेजकडे जायला दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर रस्ता मोकळा. उलट दिशेने मूळ मेडिकेअरमध्ये परत येता येतं, पण मेडिगॅप मिळेलच याची खात्री नाही. एका बाजूला रोलबॅक आहे, दुसऱ्या बाजूला नाही. आणि परत यावंसं वाटतं कधी? तब्येत बिघडते तेव्हाच. नेमकं तेव्हाच कंपनी तुमचे रिपोर्ट मागते.

अपवाद आहेत. ६५व्या वर्षी मेडिकेअर सुरू होतानाच ॲडव्हान्टेज घेतलं आणि पहिल्या १२ महिन्यांत सोडलं, तर मेडिगॅप हक्काने मिळतं. तुमचा ॲडव्हान्टेज प्लॅनच बंद झाला किंवा तुमच्या भागातून निघून गेला, तरीही ठरावीक मुदतीत काही प्लॅन हक्काने मिळतात. असं झाल्याचं पत्र आलं तर ती मुदत चुकवू नका.

आमच्या घरातलं उदाहरण घेतो. मामा न्यू जर्सीत, येत्या मार्चमध्ये ६५चे होताहेत, मामींना मधुमेह. मामांचा पहिला सूर होता, "अरे शून्य हप्ता आहे, वर दातांचं मिळतंय, आत्ता मला काय झालंय?" मी म्हटलं, गणित करू. समजा मेडिगॅपला महिना १५० डॉलर, म्हणजे वर्षाला १,८०० आणि दहा वर्षांत १८,०००. दर वाढत जातील, म्हणजे प्रत्यक्षात जास्तच. ॲडव्हान्टेजमध्ये सलग दोन वर्षं वाईट गेली आणि मर्यादा वरच्या टोकाची असेल, तर १८,७००. म्हणजे दहा वर्षं ठणठणीत राहिलात तर ॲडव्हान्टेजने पैसे वाचवले. नाही राहिलात तर पैशाचा हिशेब जवळपास बरोबरीत येतो, आणि वर नेटवर्क आणि परवानग्या. मामांना माझं म्हणणं अर्धं पटलं. मामींना पूर्ण पटलं, कारण मधुमेह असलेल्या माणसाला नंतर कोण दारात उभं करणार हे त्यांना माझ्या स्प्रेडशीटशिवायच कळत होतं. शिवाय दोघांनी एकच घ्यायला हवं असं कुठे आहे? मेडिकेअर प्रत्येकाचं वेगळं असतं. इन्सुलिनची काळजी मात्र या निवडीत आणू नका: पार्ट डीमधल्या इन्सुलिनला महिना ३५ डॉलरची मर्यादा आहे आणि सगळ्या औषधांना मिळून वर्षाला २,००० डॉलरची, दोन्ही रस्त्यांवर.

मामा-मामी हिवाळ्यात चार महिने पुण्याला असतात, म्हणून हा भाग जरा नीट सांगतो. मूळ मेडिकेअर भारतात चालत नाही. प्लॅन जी आणि एनमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय आहे: पहिले २५० डॉलर तुमचे, नंतर ८० टक्के प्लॅन भरतो, आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत उद्भवलेल्या गोष्टींसाठीच. चार महिने राहणार असाल तर तिसऱ्या आणि चौथ्या महिन्याची सोय वेगळी हवी, प्रवास विमा किंवा तिकडची पॉलिसी. ॲडव्हान्टेजचे काही प्लॅन परदेशातली इमर्जन्सी देतात, पत्रक वाचून बघा. पण ॲडव्हान्टेजला सेवाक्षेत्र असतं, आणि साधारणपणे सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर प्लॅनला तुमचं नाव काढावं लागतं. निवृत्तीनंतर "अर्धं वर्ष इकडे, अर्धं तिकडे" असं ठरवणाऱ्यांनी हे कॅलेंडरवर लिहून ठेवावं.

आता श्रोत्यांचे दोन प्रश्न पटापट. "बाबा ६५चे झालेत पण अजून नोकरी करतात, काय करू?" कंपनीत २० किंवा जास्त कर्मचारी असतील आणि विमा नोकरीचा असेल, तर पार्ट बी पुढे ढकलता येतं. मेडिगॅपची खिडकी पार्ट बीबरोबरच सुरू होते, त्यामुळे ती वाया जात नाही. नोकरी सुटल्यावर पार्ट बी घ्यायला आठ महिने मिळतात. मात्र कोब्रा घेतलं म्हणून ही मुदत वाढत नाही. उशीर झाला तर दर पूर्ण वर्षामागे १० टक्के दंड पार्ट बीच्या हप्त्यावर, बहुधा कायमचा.

दुसरा: "आई-बाबांना ग्रीन कार्डवर आणलंय, त्यांना मेडिकेअर मिळेल का?" वय ६५ आणि ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं इथे वास्तव्य झालं की विकत घेता येतं. इथे काम केलेलं नसल्याने पार्ट एचेही पैसे पडतात, महिना ५१८ डॉलर. तिकडची नोकरीची वर्षं यात मोजत नाहीत. पार्ट बी धरून माणशी ७०३ डॉलर झाले. मेडिगॅपची सहा महिन्यांची खिडकी त्यांनाही मिळते, पण आधी अमेरिकेतला ग्राह्य विमा नसेल तर जुन्या आजारांसाठी मेडिगॅप कंपनी सहा महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकते.

ज्यांना मेडिगॅपचा हप्ता खरंच जड जातो, त्यांच्यासाठी तो हाय डिडक्टिबल जी. २०२५मध्ये पहिले २,८७० डॉलर तुमचे, त्यापुढे प्लॅन जीसारखाच. हप्ता बराच कमी, नेटवर्कची कटकट नाही. शून्य हप्त्याच्या मोहात पडण्याआधी याची किंमत एकदा विचाराच. अनेक एजंट तो आपणहून दाखवत नाहीत. आणि उत्पन्न इतकं कमी असेल की मेडिकेडही मिळतं, तर मेडिगॅपची गरजच नसते.

मदत हवी असेल तर प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची सरकारी मदतीवर चालणारी मोफत सल्लासेवा आहे. ते काही विकत नाहीत. तुमच्या राज्याच्या शिपकडे वेळ घ्या आणि जाताना तीन गोष्टी न्या: औषधांची यादी डोससकट, नेहमीच्या डॉक्टरांची नावं, आणि पार्ट बी कुठल्या तारखेला सुरू होणार ते. मामांची ती तारीख १ मार्च. म्हणजे त्यांची खिडकी ऑगस्टअखेर बंद होते. तुमच्या घरातली तारीख आजच बघून ठेवा. प्रश्न असतील तर पाठवा, जमतील तेवढे पुढच्या भागात घेतो.